शरीराच्या आतला डोस कोणी मोजत नाही, मग तो आकडा येतो कुठून?

हाडांचा स्कॅन करून घ्यायला आलेल्या माणसाला सांगितलं जातं, या तपासणीत तुम्हाला साडेतीन-चार मिलिसिव्हर्ट डोस मिळेल. आकडा इतक्या सहज सांगतात की तो ताप किंवा रक्तदाबासारखा मोजलेला असावा, असंच वाटतं. तसं नसतं. त्या माणसाच्या यकृतात, मूत्रपिंडात किंवा अस्थिमज्जेत कोणी मीटर ठेवलेला नसतो आणि ठेवताही येत नाही. आकडा हिशेबातून आलेला असतो. त्या हिशेबाचा मोठा भाग तर पेशंटवर नव्हे, कॉम्प्युटरमध्ये उभ्या केलेल्या एका आभासी माणसावर केलेला असतो.

हा आभासी माणूस, त्याच्या शरीरातून धावणारे आभासी फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, आणि समोरचा आभासी कॅमेरा, हे सगळं प्रकरण नेमकं चालतं कसं आणि त्यावर विश्वास कुठवर ठेवायचा, ते पाहू.

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये किरणांचा उगम शरीराबाहेर असतो. यंत्र बंद केलं की किरण बंद. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये उगमच पेशंटच्या शरीरात सोडतात. किरणोत्सारी अणू जोडलेलं औषध बहुतेक वेळा शिरेतून देतात. ते रक्ताबरोबर फिरतं, काही ठरावीक अवयवांत किंवा गाठींत साठतं, उरलेलं लघवीवाटे निघून जातं, आणि या सगळ्या काळात त्यातल्या अणूंचं विघटन चालूच असतं. तपासण्यांमध्ये सर्वांत जास्त वापरला जाणारा टेक्नेशियम-९९एम दर ६ तासांनी निम्मा होतो आणि १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा फोटॉन सोडतो. पेट स्कॅनमधला फ्लोरिन-१८ साधारण ११० मिनिटांत निम्मा होतो. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन, म्हणजे धन विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन, जवळच्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. उपचारासाठीचे अणू वेगळे असतात. आयोडीन-१३१ आणि ल्युटेशियम-१७७ हे बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, सोडतात. ते ऊतींमध्ये दोनेक मिलिमीटरच्या आत थांबतात आणि आपली सगळी ऊर्जा तिथेच रिकामी करतात. पहिल्याचं अर्धायुष्य ८ दिवसांचं, दुसऱ्याचं ६.६५ दिवसांचं.

म्हणजे प्रश्न दोन. कॅमेऱ्यावर दिसणारं चित्र किती खरं? आणि शरीराच्या कुठल्या भागात किती ऊर्जा जिरली? वरवर वेगळे वाटणारे हे प्रश्न मुळात एकच आहेत, कारण शरीरातून निघालेल्या प्रत्येक कणाचं पुढे काय झालं हे कळलं, की दोन्ही उत्तरं हातात येतात.

एका फोटॉनचा पाठलाग

१९४६ साली स्टॅनिस्लॉ उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत होते आणि वेळ घालवायला एकट्यानेच पत्त्यांचा पेशन्स मांडत बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे त्यांनी सूत्राने काढायचा प्रयत्न केला. गणित फारच गुंतागुंतीचं निघालं. मग त्यांच्या मनात आलं, की शंभर डाव मांडावेत आणि त्यातले किती सुटले ते सरळ मोजावं. ही कल्पना त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली, आणि लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत ती न्यूट्रॉनच्या प्रवासाचा हिशेब करायला वापरली गेली. १९४९ मध्ये निकोलस मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी ती मॉन्टे कार्लो पद्धत म्हणून प्रसिद्ध केली. न्यूक्लिअर मेडिसिनमधली सिम्युलेशन्स, म्हणजे कॉम्प्युटरवरचे आभासी प्रयोग, आजही याच पद्धतीवर उभी आहेत.

इथे अनेकांचा गैरसमज होतो. रँडम आकड्यांनी काढलेलं उत्तर म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात रँडम असतो तो फक्त एकेका कणाचा प्रवास. कुठली गोष्ट किती शक्यतेने घडेल याचे आकडे प्रयोगांतून आणि भौतिकशास्त्राच्या सूत्रांतून पक्के ठरलेले असतात आणि त्यांच्या कोष्टकांवरच सगळा कारभार चालतो.

एकच फोटॉन घेऊ आणि त्याच्या मागे जाऊ. यकृतात, त्वचेपासून ८ सेंटिमीटर खोल, टेक्नेशियमच्या एका अणूचं विघटन झालं. कॉम्प्युटर आधी रँडम आकडे काढून दिशा ठरवतो. समजा, कॅमेऱ्याच्या सरळ रेषेशी ४५ अंशांचा कोन करून फोटॉन निघाला. आता तो न धडकता किती लांब जाईल? मऊ ऊतींमध्ये या ऊर्जेचे फोटॉन साधारण दर ४.६ सेंटिमीटरला निम्मे होतात, हे माहीत आहे. त्यावरून सूत्र मिळतं. शून्य ते एकमधला एक रँडम आकडा काढायचा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा, वजाबाकीचं चिन्ह काढायचं आणि ०.१५ ने भागायचं. आकडा आला ०.६, म्हणजे अंतर ३.४ सेंटिमीटर. आकडा ०.१ आला असता, तर फोटॉन १५ सेंटिमीटर गेला असता, म्हणजे सरळ शरीराबाहेर.

३.४ सेंटिमीटरवर धडक झाली. कसली? पुन्हा रँडम आकडा. या ऊर्जेला मऊ ऊतींमध्ये फोटॉन पूर्णपणे शोषला जाणं दुर्मिळ, शंभरात एखाद्या वेळचं. बहुतेक वेळा तो एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो, थोडी ऊर्जा गमावतो आणि दिशा बदलून पुढे जातो. याला कॉम्प्टन विकिरण म्हणतात. आपला फोटॉन ४५ अंशांनी वळला आणि आता नेमका कॅमेऱ्याकडे सरळ निघाला. सूत्राप्रमाणे त्याची ऊर्जा १४० वरून जवळजवळ १३० झाली. गेलेले १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट त्या इलेक्ट्रॉनला मिळाले, आणि तो काही मायक्रोमीटरमध्येच थांबला. ही ऊर्जा तिथल्या ऊतीत जिरली. डोसच्या वहीत, त्या जागेच्या नावावर, १० ची नोंद झाली.

फोटॉन पुढे शरीराबाहेर पडला. कॅमेऱ्याच्या तोंडाशी शिशाचा जाड कॉलिमेटर असतो, बारीक समांतर भोकांचा. सरळ आलेला फोटॉनच त्यातून आत जातो. शरीरातून निघालेल्या दर दहा हजार फोटॉनांपैकी जेमतेम एखादा पार होतो. आपला पार झाला आणि मागच्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात जिरून त्याचा प्रकाशबिंदू झाला. कॅमेरा ऊर्जा तपासतो, पण त्याची ऊर्जा ओळखण्याची ताकद १० टक्क्यांच्या आसपासची. त्यामुळे १२६ ते १५४ मध्ये येणारं सगळं तो खरं मानून घेतो. आपला १३० चा फोटॉन यात आरामात बसला. कॅमेऱ्याने नोंद केली, आणि ती जवळजवळ अडीच सेंटिमीटर बाजूला केली, कारण फोटॉन जिथे वळला तिथूनच निघाला असं त्याला वाटलं.

खरा कॅमेरा हा लबाड फोटॉन कधीच ओळखू शकत नाही. सिम्युलेशनमध्ये मात्र त्या फोटॉनची जन्मापासूनची कुंडली आपल्याकडे असते. कुठे जन्मला, कितीदा वळला, किती ऊर्जा कुठे टाकली, सगळं. टेक्नेशियमच्या चित्रात असे वळून आलेले फोटॉन एकूण नोंदींच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असू शकतात. त्यांना वजा करण्याच्या ज्या पद्धती आज कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, त्या बरोबर आहेत का हे तपासायला सिम्युलेशनइतकी चांगली कसोटी दुसरी नाही, कारण खरं उत्तर तिथे आधीपासून ठाऊक असतं.

आता हाच पाठलाग कोट्यवधी वेळा करायचा. ७४० मेगाबेक्वेरेल औषध दिलं तर शरीरात दर सेकंदाला ७४ कोटी अणूंचं विघटन होतं. कॉम्प्युटरने १०० कोटी फोटॉन सोडले तरी कॉलिमेटरमधून पार होतात साधारण लाखभर. शिवाय चित्रातला दाणेदारपणा निम्मा करायचा तर फोटॉन चौपट सोडावे लागतात, दहावा हिस्सा करायचा तर शंभरपट. म्हणून युक्त्या लढवतात. उदाहरणार्थ, प्रत्येक फोटॉनला कॅमेऱ्याकडे जायला भाग पाडायचं, पण तसं घडण्याची खरी शक्यता जितकी, तितकंच वजन त्याच्या नोंदीला द्यायचं. उत्तर तेच येतं आणि वेळ कितीतरी वाचतो.

यासाठीची सॉफ्टवेअर्स बहुतेक संशोधकांनीच बांधलेली आहेत. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या भोवती कणभौतिकीसाठी जिआंट-४ तयार झालं. त्याच्यावर वैद्यकीय इमेजिंगसाठी गेट उभं राहिलं आणि २००४ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. गेटची खासियत म्हणजे त्यात काळ पुढे सरकतो. अणू कमी होत जातात, कॅमेरा पेशंटभोवती फिरतो, छाती श्वासाबरोबर हलते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे मायकेल युंगबेर्ग यांचं सिमाइंड गॅमा कॅमेऱ्यासाठी आजही आवडीने वापरलं जातं, कारण ते चपळ आहे. नव्या यंत्रांची आखणीही अशीच होते. डोक्यापासून पायापर्यंत एकदम टिपणारा, १९४ सेंटिमीटर लांबीचा एक्सप्लोरर पेट स्कॅनर २०१८ मध्ये पहिल्यांदा माणसांवर वापरला गेला. इतक्या लांब यंत्राने नेमका किती फायदा होईल, याचे हिशेब त्याच्या कितीतरी आधी सिम्युलेशनवर झालेले होते.

पण आभासी कॅमेरा खऱ्यासारखा वागतो की नाही, हे दरवेळी पडताळावं लागतं. बारीकसारीक गोष्टी नडतात. आयोडीन-१३१ चं चित्र त्याच्या ३६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनवर घेतात, पण तो ६३७ आणि ७२३ चेही थोडे फोटॉन सोडतो. हे जोरकस फोटॉन कॉलिमेटरच्या शिशातून आरपार जातात, कॅमेऱ्याच्या मागच्या भागांवर आपटून ऊर्जा गमावतात आणि परत स्फटिकात येऊन ३६४ च्या नोंदींत मिसळतात. स्फटिकामागच्या नळ्या आणि काच सिम्युलेशनमध्ये घालायला विसरलात, की चित्र खऱ्यापेक्षा सुंदर येतं. सिम्युलेशनचं चित्र फार देखणं दिसलं, की मला आधी संशयच येतो.

डोसची वही

डोसचं मूळ माप ग्रे. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा जिरली की एक ग्रे. किरणांचा प्रकार आणि अवयवांची नाजूकता धरून त्यावरून सिव्हर्ट काढतात. न्यूक्लिअर मेडिसिनमधला हिशेब दोन तुकड्यांत होतो. पहिला तुकडा म्हणजे एखाद्या अवयवात एकूण किती विघटनं झाली. दुसरा म्हणजे तिथल्या एका विघटनामागे प्रत्येक अवयवाला किती डोस मिळतो. दोन्हींचा गुणाकार केला की डोस. अमेरिकेतल्या न्यूक्लिअर मेडिसिन सोसायटीच्या मर्ड समितीने १९६८ पासून काढलेल्या पुस्तिकांतून ही रीत जगभर रुजली.

यातला दुसरा तुकडा सिम्युलेशनमधून येतो. सुरुवातीच्या आभासी माणसाचे अवयव म्हणजे अंडगोल, नळकांडी आणि शंकू होते. डोकं एक नळकांडं, मूत्रपिंड म्हणजे कापलेला अंडगोल. त्या काळच्या कॉम्प्युटरांना एवढंच झेपत होतं, आणि त्या मानाने उत्तरं बरी यायची. २००९ मध्ये आयसीआरपी या किरणोत्सारापासूनच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने खऱ्या माणसांच्या स्कॅनवरून बनवलेले दोन प्रमाण देह दिले. पुरुष १७६ सेंटिमीटर उंच आणि ७३ किलोचा, स्त्री १६३ सेंटिमीटर आणि ६० किलोची. हे देह व्हॉक्सेल नावाच्या छोट्या ठोकळ्यांचे आहेत, पुरुषाचे सुमारे १९ लाख आणि स्त्रीचे सुमारे ३९ लाख. प्रत्येक ठोकळ्याला तो कुठल्या अवयवाचा, याची खूण असते. मुलांचे असेच देह २०२० मध्ये आले.

आता एक हिशेब हातानेच करून पाहू. ल्युटेशियम-१७७ चं औषध काही प्रकारच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींवर, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठींवर देतात, दर वेळी ७.४ गिगाबेक्वेरेल (७,४०० मेगाबेक्वेरेल), एकूण चार वेळा. ते मूत्रपिंडातही साठतं, म्हणून मूत्रपिंडाची काळजी असते. समजा, एका वेळेला दोन्ही मूत्रपिंडांत मिळून ६० लाख कोटी विघटनं झाली. प्रत्येक विघटनात इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा १४७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. गुणाकार करून ज्यूलमध्ये आणलं तर येतात साधारण १.४ ज्यूल. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन ३०० ग्रॅम धरलं, तर डोस ४.७ ग्रे. चार वेळचा मिळून १९ ग्रेच्या आसपास.

१.४ ज्यूलने मूत्रपिंडाचं तापमान अंशाच्या हजाराव्या हिश्शाएवढंच वाढेल, तेही एका क्षणात नाही, काही दिवसांत मिळून. हा डोस पेशंटच्या शरीरात थेट मोजता का येत नाही, ते यावरून कळतं.

आणि या हिशेबाला मॉन्टे कार्लो लागलंच नाही. बीटा कण मिलिमीटरभरात थांबतात, त्यामुळे मूत्रपिंडात सुटलेली ऊर्जा जवळपास सगळी मूत्रपिंडातच राहते. अशा ठिकाणी कोट्यवधी कण सोडत बसणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. सिम्युलेशनची खरी गरज पडते ती लांब जाणाऱ्या गॅमा फोटॉनांसाठी, यकृत आणि फुप्फुसाच्या सीमेसारख्या घनता एकदम बदलणाऱ्या जागी, हाडांच्या जाळीत अडकलेल्या अस्थिमज्जेसाठी, आणि यिट्रियम-९० सारख्या अणूंच्या बाबतीत, ज्यांचे बीटा कण ११ मिलिमीटरपर्यंत जाऊन लहान गाठीच्या बाहेरही पडतात.

चूक कुठे लपते

वरच्या हिशेबात एक आकडा बदलून पाहा. विघटनं तेवढीच, पण मूत्रपिंडांचं वजन ३०० ऐवजी २०० ग्रॅम. डोस ७ ग्रेवर जातो आणि चार वेळचा २८. मूत्रपिंडासाठी बराच काळ पाळली गेलेली मर्यादा २३ ग्रे आहे, आणि तीसुद्धा बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिओथेरपीच्या अनुभवातून उसनी घेतलेली. औषध एकच, मापही एकच, पण एक पेशंट मर्यादेच्या आत आणि दुसरा बाहेर.

म्हणून, कॉम्प्युटरने उत्तर एक-दोन टक्के अचूक दिलं, हे ऐकून हुरळून जाऊ नये. ती अचूकता फक्त फोटॉनच्या प्रवासाची असते. औषध अवयवात किती गेलं आणि किती काळ राहिलं, हे पेशंटच्या स्कॅनवरूनच काढावं लागतं, आणि मोठ्या चुका तिथे होतात. तीन-चार दिवसांचे स्कॅन घ्यायला हवेत, तिथे एकच घेतला जातो. अवयवाची सीमा आखणाऱ्या दोन माणसांच्या रेषा जुळत नाहीत. लहान गाठ तर कॅमेऱ्याला पसरट आणि फिकी दिसते. पेट स्कॅनरची चाचणी घ्यायला ज्या फँटममध्ये, म्हणजे शरीराच्या जागी ठेवायच्या नमुन्यात, १० ते ३७ मिलिमीटर व्यासाचे सहा गोल असतात, त्या सगळ्यांत सारखंच तीव्र द्रावण भरलं तरी सर्वांत लहान गोल बराच फिका दिसतो. तीच फिकी संख्या डोसच्या हिशेबात गेली तर पुढचं भौतिकशास्त्र कितीही चोख असो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नशीब एवढंच, की गाठ किती फिकी दिसणार हेही सिम्युलेशनने काढता येतं आणि तेवढी दुरुस्ती करता येते.

सुरुवातीच्या मिलिसिव्हर्टच्या आकड्याकडेही याच नजरेने पाहावं. हाडांच्या स्कॅनसाठी दर मेगाबेक्वेरेलला ०.००४९ मिलिसिव्हर्ट हा गुणक आहे. ७४० मेगाबेक्वेरेल दिले की ३.६. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे साधारण दीड वर्षाचा हिस्सा. तपासण्यांची आपसात तुलना करायला हा आकडा उत्तम. पण तो त्या प्रमाण देहाचा आहे, समोर बसलेल्या पेशंटचा नाही. ५० किलोच्या आणि ११० किलोच्या माणसाला तोच आकडा छापून दिला, तर त्यावरून एकेकाच्या कॅन्सरच्या धोक्याचं भाकीत करू नये. आयसीआरपी स्वतःच तसं बजावते.

तपासणीपुरतं हे चालून जातं, कारण डोस लहान असतात. उपचारात चालत नाही. तरीही कित्येक उपचारांत सगळ्यांना एकच ठरावीक माप दिलं जातं, आणि हे मला पटत नाही. बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिओथेरपीत प्रत्येक पेशंटचा डोस स्वतंत्र आखल्याशिवाय कोणी यंत्र चालू करत नाही. आतून देताना ती शिस्त सैल का असावी? युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशाने न्यूक्लिअर मेडिसिनच्या उपचारांनाही वैयक्तिक आखणी लागू केली आहे, पण अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही. फ्रान्समध्ये यकृताच्या कॅन्सरवर यिट्रियम-९० चे सूक्ष्म मणी देऊन केलेल्या डोसिस्फिअर-०१ या चाचणीत एका गटाला ठरावीक पद्धतीचा डोस दिला, तर दुसऱ्या गटात गाठीला किमान २०५ ग्रे मिळावेत अशी पेशंटगणिक आखणी केली. २०२१ मध्ये निकाल आले. ठरावीक गटात ३६ टक्के पेशंटच्या गाठींनी प्रतिसाद दिला होता, आखणीच्या गटात ७१ टक्के. चाचणी लहान होती, तरी एवढा फरक डोळ्याआड करता येत नाही.

वेळेचा अडसर आता बराच कमी झाला आहे. ग्राफिक्स कार्डांवर मॉन्टे कार्लो कितीतरी वेगाने चालतं. लाखो आभासी स्कॅनवर शिकवलेली न्यूरल नेटवर्क्स चित्रातला गोंगाट काढायला आणि डोसचा नकाशा क्षणात द्यायला वापरली जाऊ लागली आहेत. त्यांना शिकवायला खरं उत्तर लागतं, आणि ते पुन्हा सिम्युलेशनकडेच असतं. मात्र नेटवर्कने जे आभासी देह पाहिलेच नाहीत, तशा शरीराचा पेशंट आला तर ते बिनदिक्कत चुकतं आणि चुकल्याचा पत्ताही लागू देत नाही.

सगळ्यांत अवघड काम सध्या अल्फा कणांचं, म्हणजे अणूतून सुटणाऱ्या हेलियमच्या जड केंद्रकांचं आहे. अ‍ॅक्टिनियम-२२५ ची विघटनमालिका चार अल्फा कण सोडते. प्रत्येक कण ५० ते १०० मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे काही पेशींच्या अंतरात थांबतो. औषध मेगाबेक्वेरेलमध्ये देतात, ल्युटेशियमच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढं, त्यामुळे कॅमेऱ्यावर नोंदीच मोजक्या येतात. त्यात पहिल्या अल्फाच्या धक्क्याने मागे राहिलेला अणू औषधापासून सुटतो, आणि मालिकेतला बिस्मथ-२१३ भरकटत मूत्रपिंडात जाऊन बसू शकतो. कॅमेऱ्याचा एक ठोकळा काही मिलिमीटरचा, तेव्हा त्यावरून काढलेली अवयवाची सरासरी पेशीबद्दल फारसं काही सांगत नाही. म्हणून जिआंट-४ च्या डीएनए नावाच्या विस्तारात कणाचा माग पाण्याच्या रेणूंपर्यंत, थेट काही इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत काढतात. एकाच पेशंटसाठी मग दोन मापांवर हिशेब मांडावे लागतात, अवयवासाठी मिलिमीटरचा आणि पेशींसाठी मायक्रोमीटरचा. या दोघांना जोडणारी माहिती, म्हणजे औषध अवयवाच्या नेमक्या कुठल्या पेशींत बसलं आहे, ती अजूनही मुख्यतः प्राण्यांवरच्या अभ्यासांतूनच आणावी लागते.